फूस कोणी लावली?

मथुरा हे नाव आपल्या चळवळीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतर मोर्चे निघाले, गावोगावी गट उभे राहिले, १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. शिबिरात हे सारे आपण सांगतोच. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. त्या रात्री मथुरा पोलीस ठाण्यात गेली होती कशासाठी?

तिच्या भावाने फिर्याद दिली होती म्हणून. आईवडील नसलेली, मजुरी करणारी ही मुलगी ज्या घरी कामाला जाई, त्या घरच्या नात्यातल्या एका मुलाशी तिचे जमले होते. दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. भावाने ठाण्यात जाऊन सांगितले की या लोकांनी माझ्या बहिणीला पळवून नेले आहे. तिचा जबाब घ्यायला म्हणून सगळ्यांना रात्री बोलावून आणले. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितले होते, आणि खालच्या कोर्टाने ती १६ वर्षांखालची होती हे सिद्ध झाले नाही म्हणून त्या वयाचा फायदा तिला दिला नाही.

म्हणजे जी घटना आपल्या चळवळीचा आरंभ मानली जाते, तिच्या मुळाशी एक मुलगी स्वतःच्या मनाने एका मुलाबरोबर जाते आणि घरचा पुरुष तिला 'पळवून नेली' म्हणतो, एवढीच साधी गोष्ट होती. आज पन्नास वर्षांनंतर मी ज्या तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात बसते, तिथे हीच गोष्ट महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या टेबलासमोर येऊन बसते. फरक इतकाच की आता भावाच्या आणि बापाच्या हातात मथुराच्या भावाच्या हातात नव्हता असा कायदा आहे, आणि तो मुलींच्या संरक्षणासाठी आपण सर्वांनी मागितलेला कायदा आहे.

या प्रकरणातली फिर्याद कशी लिहिली जाते ते ज्यांनी वाचले असेल त्यांना पाठ असेल. 'अज्ञात इसमाने अज्ञात कारणावरून माझ्या अज्ञान मुलीस फूस लावून पळवून नेले आहे.' इसम अज्ञात नसतो. त्याचे नाव, गल्ली, जात, मोबाइल नंबर बापाला पहिल्या तासात ठाऊक असते. कारण तर त्याहून अज्ञात नसते. पण मजकूर ठरलेला असतो. त्यातला 'फूस लावून' हा शब्द मला फार बोलका वाटतो. फूस लावली म्हणजे मुलीला स्वतःची इच्छा नव्हती, तिच्या कानात कोणीतरी ती भरली. बाईची इच्छा बाहेरून कोणीतरी पेरल्याशिवाय उगवतच नाही, हा समज आपल्या भाषेने किती सहज सांभाळून ठेवला आहे!

कायदा आज काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरली, आणि बालकाच्या संमतीला अर्थ उरला नाही. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या व्याख्येतले संमतीचे वयही १६ वरून १८ झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते १८ च आहे. २०१९ मध्ये पोक्सोच्या शिक्षा वाढवल्या गेल्या. आता साध्या प्रकरणात किमान १० वर्षे, आणि 'गंभीर' प्रकरणात किमान २० वर्षे. गंभीर म्हणजे काय? त्याची यादी मोठी आहे. पोलिसाने केले, शिक्षकाने केले, नातेवाइकाने केले, हे तिच्यात आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच यादीत असेही आहे की एकाहून अधिक वेळा संबंध आला तर गंभीर, आणि मुलीला दिवस गेले तरी गंभीर. जी दोघे बारा दिवस एका खोलीत नवराबायकोसारखी राहिली, त्यांच्यात संबंध एकदाच आला असेल असे कोण म्हणेल? तेव्हा १९ वर्षांच्या मुलाला सरळ किमान २० वर्षांचे कलम लागते. न्यायाधीशाला १९ वर्षे द्यायचाही अधिकार नाही.

मुलगा १७ चा असेल तर तोही कायद्याने बालकच. पण २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अशा गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. म्हणजे दोघे सतराची असली तर मुलगी अजाण आणि मुलगा अट्टल. एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोघांना कायदा एकाच दिवशी या दोन टोकांना नेऊन बसवतो.

माझ्याकडे आलेली एक मुलगी वयाने सतरा वर्षे दोन महिन्यांची होती. मुलगा १९ चा. तो गॅरेजमध्ये काम करणारा, ती बारावीला. दोघे औद्योगिक वसाहतीजवळ खोली घेऊन राहिली आणि मोबाइलच्या टॉवरवरून तेराव्या दिवशी सापडली. ठाण्यात ती पहिल्यापासून एकच वाक्य बोलत होती, "मी माझ्या मनानं गेले." जबाब लिहिणाऱ्या बाईंनी तिला मायेने सांगितले, "बाळा, तू लहान आहेस, तुला कळत नाही अजून." यातली गंमत अशी की त्याच्या दोन महिने आधी तिच्या वडिलांनी तिच्यासाठी २७ वर्षांचे स्थळ पाहून ठेवले होते, आणि तेव्हा घरात सगळे म्हणत होते की पोरगी मोठी झाली, आता ठेवून घेण्यात अर्थ नाही. मला तिने विचारले, "ताई, मी नक्की लहान आहे का मोठी?" मी काय उत्तर देणार?

ती घरी जायला तयार नव्हती. घरी मारतील अशी भीती होती आणि ती खरी होती. म्हणून बालकल्याण समितीने तिला बालगृहात ठेवले. बारावीची परीक्षा बुडाली. मुलगा कच्चा कैदी म्हणून तुरुंगात. त्याची आई धुणीभांडी करणारी, दर बुधवारी बाजाराच्या दिवशी माझ्याकडे यायची. "वीस वर्सं म्हंजी लई होत्यात का वो ताई?" असे विचारायची, जणू आकडा मोठा की लहान याचीच तिला खात्री करून घ्यायची होती. मुलगी अठरा वर्षांची झाली त्या दिवशी बालगृहातून बाहेर पडली आणि थेट त्याच आईच्या घरी गेली. पुढे कोर्टात तिने सांगितले की आमच्यात काहीच झाले नाही. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर केले. मुलगा सुटला. कायद्याशी त्या मुलीचा पहिला संबंध आला तो असा. खरे बोलली तेव्हा कोणी ऐकले नाही, आणि खोटे बोलली तेव्हा न्याय मिळाला.

हे माझ्या तालुक्यापुरते नाही. बंगळुरूच्या एनफोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतले २०१६ ते २०२० मधले पोक्सोचे ७,०६४ निकाल तपासले. त्यांतले १,७१५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, अशा 'प्रेमप्रकरणांचे' होते. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत फिर्याद मुलीच्या आईवडिलांनी किंवा नातेवाइकांनी दिलेली होती. आणि ९३.८ टक्के प्रकरणांत आरोपी निर्दोष सुटले. काही कायदेपंडित म्हणतात, सुटतातच ना शेवटी? पण 'शेवटी' येईपर्यंत दोन-तीन-चार वर्षे जातात. ती वर्षे विशीच्या मुलाची असतात, आणि बालगृहात काढलेली वर्षे सतराव्या वर्षातल्या मुलीची असतात. बापाला मुळात शिक्षा नकोच असते. त्याला मुलगी परत हवी असते, आणि मुलाला धडा हवा असतो. दोन्ही गोष्टी अटकेच्या दिवशीच साध्य होतात. खटल्याचे काय होते याच्याशी त्याला फारसे घेणे नसते.

आणि मुलगा कोण आहे यावर सारे अवलंबून असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्यातला, जमीनजुमला असलेला असेल तर दोन्हीकडची माणसे बसून १८ पूर्ण होईपर्यंत थांबायचे ठरवतात. मुलगा दलित असेल, भटक्या जमातीतला असेल, मुसलमान असेल, की मग पोक्सो आठवतो. आंतरजातीय लग्नाला मोडता घालायला पूर्वी जातपंचायत लागायची, आता शाळेच्या दाखल्यावर काम होते. त्या दाखल्याचीही एक कथा आहे. आपल्याकडे गावोगाव १ जूनला जन्मलेल्यांची केवढी गर्दी आहे! शाळेत घालताना गुरुजींनी वय बसवायला लावलेली ती तारीख. कायद्याने वय ठरवताना शाळेच्या दाखल्याला पहिले स्थान आहे. गुरुजींनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अंदाजे टाकलेल्या १ जूनवर आज एखाद्याची वीस वर्षे अडकलेली असतात.

आता आपल्याच मैत्रिणींचा आक्षेप घेते. तो मला मोलाचा वाटतो, कारण तो घेणाऱ्या बाया बालविवाहाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडत आलेल्या आहेत. त्या म्हणतात, वय १६ वर आणले तर ज्या बापांना मुली लवकर उजवायच्या आहेत त्यांना रान मोकळे होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न १८ च्या आत झालेले आढळले. अशा राज्यात हे शस्त्र हातातून टाकायचे का?

या आक्षेपामागची भीती मी नाकारत नाही. तिला बळ देणारे प्रकरणही माझ्याकडे आहे. सोळा वर्षांची ऊसतोडीच्या टोळीतली मुलगी. आईवडिलांनी उचल घेतलेली. मुकादमाचा भाऊ ३४ वर्षांचा, लग्न झालेला. त्याने तिला मोबाइल घेऊन दिला, ड्रेस घेतले, कोयता धरावा लागणार नाही असे सांगितले. तीही मला हेच म्हणाली, "मी माझ्या मनानं गेले, ताई." शब्द तेच. पण उचलीच्या ओझ्याखाली वाकलेल्या घरातल्या पोरीचे मन आणि गॅरेजवाल्या मुलाबरोबर गेलेल्या मुलीचे मन एका मापाने मोजायचे कसे? इथे तिच्या 'हो'मागे मुकादमाची वही होती. संमतीचे वय १६ असते तर हा माणूस त्या 'हो'वर हात ठेवून सुटला असता. १८ होते म्हणून तो अडकला. तेव्हा '१६ करा आणि मोकळे व्हा' असे मी म्हणत नाही.

पण मग '१८ ठेवा आणि मोकळे व्हा' हेही चालणार नाही. ही दोन प्रकरणे वेगळी आहेत हे मला, तुम्हाला, ठाण्यातल्या शिपायाला, सगळ्यांना दिसते. फक्त कायद्याला दिसत नाही. त्याने डोळ्यांवर वयाची पट्टी बांधली आहे. वय मोजायला सोपे असते. सत्ता मोजायला अवघड असते. म्हणून कायदा वय मोजून थांबतो.

संमतिवयाचा हा सगळा इतिहासच तसा आहे. १८६० च्या दंडसंहितेत हे वय १० होते. १८८९ मध्ये कलकत्त्याची फुलमणी दासी, वय दहा-अकरा, नवऱ्याच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन मेली. तिचे दहा पूर्ण झालेले होते म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा होऊ शकला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर १८९१ मध्ये वय १२ झाले. त्या विधेयकावरून महाराष्ट्रात रणकंदन माजले. टिळकांचा 'केसरी' विरोधात, आगरकरांचा 'सुधारक' बाजूने. शास्त्राधार निघाले, परक्या सरकारने आमच्या घरात शिरावे का हा प्रश्न निघाला. त्या वादातली एक गोष्ट आज वाचताना अंगावर येते. कायद्याचे नाव 'संमतिवय', पण मुलीची संमती त्यात नावालाही नव्हती. नवऱ्याने कोणत्या वयापासून हात लावायचा, एवढाच प्रश्न होता. संमती विचारा असे जिने खरोखर म्हटले ती रखमाबाई. लहानपणी लावून दिलेले लग्न मी मानत नाही म्हणाली, तर १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले. ती तुरुंगाला तयार झाली. पुढे तडजोड झाली आणि ती डॉक्टर झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तिने विचारलेला प्रश्न तिथेच राहिला.

पुढे १९२५ मध्ये वय १४ झाले, १९४९ मध्ये १६. नवऱ्यासाठी मात्र प्रत्येक वेळी वेगळी सवलत ठेवलेली. २०१२-१३ मध्ये बाहेरच्यासाठी वय १८ झाले, पण नवऱ्यासाठी १५ च राहिले. ही सवलत सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात काढून टाकली, ते बरेच झाले. आणि १८ वर्षांपुढच्या बायकोवर नवऱ्याने केलेला बलात्कार? तो २०२४ च्या नव्या संहितेतही बलात्कार नाही. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या 'हो'ला किंमत नाही, आणि अठरा पूर्ण होऊन लग्न झाले की तिच्या 'नाही'ला किंमत नाही. ज्या कायद्याला मुलींची इतकी काळजी आहे, त्याची ही दोन टोके शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

१६ ते १८ या वयोगटाचा विचार कोणी केलाच नाही असे मात्र नाही. पोक्सोचा २०११ चा मूळ मसुदा या वयातली संमती विचारात घेणारा होता. संसदेच्या स्थायी समितीने ते काढायला लावले. दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये १६ हेच वय सुचवले. त्याच वर्षी मार्चमध्ये मंत्रिमंडळानेही १६ ला मान्यता दिली आणि सर्वपक्षीय बैठकीत ते पुन्हा १८ झाले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे सुचवले की मुलगी १६ पूर्ण असेल आणि मुलगा तिच्याहून पाचेक वर्षांपेक्षा मोठा नसेल तर वेगळा विचार व्हावा. मुंबई उच्च न्यायालयात जुलै २०२३ मध्ये न्या. भारती डांगरे यांनी अशाच एका प्रकरणात मुलाला सोडताना संमतीच्या वयाचा प्रश्न सविस्तर मांडला. विधी आयोगाने मात्र सप्टेंबर २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात वय कमी करू नये असे म्हटले, आणि १६ ते १८ मधल्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशाला तारतम्य वापरू द्यावे एवढीच वाट ठेवली. तारतम्य शिक्षेच्या वेळी. म्हणजे अटक, तुरुंग, बालगृह, वैद्यकीय तपासणी, चार वर्षांच्या तारखा हे सगळे होऊन गेल्यावर! २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयाच्या मदतनीस वकील म्हणून १६ ते १८ वयातले स्वखुशीचे संबंध गुन्ह्याबाहेर ठेवावेत असे मांडले, तर केंद्र सरकारने त्याला विरोध केला.

मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मात्र प्रत्येक गटाने वाचायला हवा. पश्चिम बंगालमधली मुलगी १४ वर्षांची, माणूस २५ चा. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याला सोडताना मुलींनी आपल्या लैंगिक इच्छांवर ताबा ठेवावा असा उपदेश केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो निकाल रद्द करून माणसाला दोषी ठरवले. नंतर त्या मुलीचे म्हणणे जाणून घ्यायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीला दिसले की तिला खरी इजा झाली ती पुढच्या काळात. घरच्यांनी टाकले, लोकांनी नावे ठेवली, पोलीस आणि कोर्ट यांच्याशी झगडत नवऱ्याला सोडवण्यात तिची उमेदीची वर्षे आणि पैसा गेला. अखेर २३ मे २०२५ रोजी न्यायालयाने आपला खास अधिकार वापरून त्याला शिक्षा दिली नाही, आणि हा दाखला म्हणून वापरू नये असेही बजावले. १४ आणि २५ या नात्याचे मी मुळीच समर्थन करणार नाही. पण आपण जिला वाचवायला निघालो तिला आपणच लुटले, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहून द्यावे लागले, ही साधी गोष्ट नव्हे. आणि एकीसाठी समिती नेमली गेली. बाकीच्यांचे काय?

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर प्रकरण आणखी गंभीर आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचे ज्या कोणाला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे डॉक्टरांना लागू आहे, आशाताईंना लागू आहे, आपल्यालाही लागू आहे. किशोरी मेळाव्यात मी मुलींना आधीच सांगते की असे काही मला सांगितलेत तर मला ते पोलिसांना कळवावे लागेल. यानंतर कोण तोंड उघडणार? जिला बोलायची सर्वांत जास्त गरज आहे तीच गप्प बसते. मग ती प्रेमात पडलेली असो की काकाच्या त्रासात सापडलेली असो. सतरा वर्षांची लग्न झालेली गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात येत नाही, कारण तिथे नोंद झाली की नवरा आत. मग आशाताई वहीत १९ लिहितात. किंवा ती कुठल्या तरी बोळातल्या दवाखान्यात जाते, जिथे कोणी काही विचारत नाही आणि पोट रिकामे करून देतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आसामात बालविवाहाच्या नावाखाली तीन हजारांवर माणसे धरली गेली. त्या वेळी पोलीस ठाण्यांबाहेर लेकरे कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायका आपण पाहिल्या. बालविवाह थांबवायची ही रीत असेल तर बायकांच्या अंगावरूनच तिचे गाडे जाणार हे उघड आहे.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगते, कारण ती आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनाही माहीत नव्हती. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव-ओळख देण्याची गरज नाही. आम्ही या निकालाच्या त्या पानाची छायाप्रत करून प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला नेऊन दिली. दोघांनी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. एकाने आम्हाला बसायलाही सांगितले नाही.

या सगळ्यात ज्या मुलींवर खरोखर अत्याचार होतो त्यांचे नुकसान होतेच आहे, आणि ते आपल्या लक्षात यायला उशीर लागतो आहे. विशेष न्यायालयांत फितूर साक्षीदारांच्या 'प्रेमप्रकरणांची' रीघ लागली की न्यायाधीशांना सोळा-सतराची प्रत्येक मुलगी तशीच दिसू लागते. जिला शिक्षकाने ओढून नेले तिच्या खटल्यातही बचावाचा वकील उभा राहून 'दोघांचे संबंध होते' असे सुरू करतो. दोन फोटो आणि चार मेसेज दाखवले की जामिनाचा रस्ता मोकळा होतो. मथुराच्या निकालात अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती, असा अर्थ काढला होता. आता मोबाइलमध्ये 'हाय' आहे म्हणजे संमती. संमती म्हणजे काय हे शिकण्याऐवजी आपण ती वयाच्या आकड्यात कोंडून टाकली, त्यामुळे खोली उघडी पडल्यावर आत काय आहे ते बघायची कोर्टांना सवयच लागली नाही.

माझे मत असे आहे. १८ चे सर्वसाधारण वय राहू द्यावे. पण १६ पूर्ण झालेली मुलगी आणि तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा मुलगा, यांच्यात मुलीच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे खुशीचा संबंध असेल, तर तो गुन्हाच धरू नये. शिक्षक, मालक, मुकादम, नातेवाईक, वसतिगृहाचा अधिकारी, ज्याच्या हातात तिची भाकरी किंवा मार्क आहेत अशा कोणालाही ही सूट मिळू नये. दोघेही १८ च्या आतली असतील तर त्यांना पोलीस ठाणे दिसूच नये. कळवण्याची सक्ती अशा प्रकरणांपुरती उठवावी, म्हणजे मुली दवाखान्यात आणि आपल्यापर्यंत येतील. आणि मुलगी म्हणेल ते लिहून घ्यायला घरच्या माणसांना बाहेर बसवून, आपल्यासारखी एखादी कार्यकर्ती सोबत असावी. आधार देणारी व्यक्ती मिळण्याची सोय पोक्सोच्या नियमांत आहेच, ती मिळते किती जणींना हा प्रश्न आहे.

यातली चार-पाच वर्षांची मर्यादा काही आकाशातून पडलेली नाही, ती कोणाला तीन वाटेल, कोणाला सहा. त्यावर भांडता येईल. उसाच्या पट्ट्यातल्या मैत्रिणींना तीन हवी असेल तर त्यामागचे कारण मी ऐकून घेईन. मात्र मुलीला काही कळतच नाही या पायावर उभी असलेली मागणी आपल्या तोंडी शोभत नाही. 'तिला कळत नाही' हे वाक्य आपण बाईच्या मतदानाबद्दल, शेतीच्या सातबाऱ्याबद्दल, घटस्फोटाबद्दल ऐकत आलो आहोत.

२०१३ मध्ये वय १८ करण्याला अनेक स्त्री-संघटनांनी उघड विरोध केला होता. त्यानंतर गावपातळीवरच्या गटांत यावर मोकळी चर्चा फारशी झालेली नाही. एकतर विषय अवघड, आणि दुसरे म्हणजे मुलींच्या लैंगिक इच्छेबद्दल बोलायचे म्हटले की आपल्या बैठकीतही पदर सावरले जातात. पण सर्वोच्च न्यायालयात, संसदेत जेव्हा हा प्रश्न ठरेल तेव्हा तो दिल्लीच्या वकिलांच्या कागदांवर ठरेल, आणि आपल्या टेबलांवर जे येते ते त्या कागदांत नसेल.

म्हणून ज्या गटांकडे अशी प्रकरणे येतात त्यांनी गेल्या तीन वर्षांची नोंदवही काढून एवढे लिहून पाठवावे: मुलीचे वय, मुलाचे वय, फिर्याद कोणी दिली, दोन्ही घरांच्या जाती-धर्म, मुलीचा पहिला जबाब काय होता आणि कोर्टातला काय, ती १८ होईपर्यंत कुठे राहिली, शाळा-कॉलेज सुटले का, आणि आज ती कुठे आहे. मुकादमासारखी प्रकरणे असतील तर तीही वगळू नयेत. मुलींची नावे-गावे कळवू नयेत.